घरच्या संगणकावरील मिरर डिस्क : उभारणी आणि पुनर्बांधणी

प्रस्तावना

नेरडीगोंडा हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, नागपूर आणि हैदराबाद यांच्या साधारण मध्यावर वसले आहे, आणि घरच्या संगणकातील माहिती कशी राखावी याचा विचार करताना या भूगोलाला जे महत्त्व आहे ते संगणकविषयक पुस्तकांत सहसा दिले जात नाही. मोठ्या शहरात हार्ड डिस्क निकामी झाली तर दुसरी त्याच संध्याकाळी मिळू शकते, आणि खराब डिस्कमधून माहिती काढून देणारे तंत्रज्ञही त्याच शहरात असतात. नेरडीगोंड्यात, बोथमध्ये, इच्चोड्यात किंवा सीमेपलीकडच्या किनवटमध्ये मात्र नवी डिस्क जवळच्या मोठ्या गावाहून आणावी लागते, हव्या क्षमतेची तिथेही नसली तर कुरिअरची वाट पाहावी लागते, आणि जाणकार माणूस मिळणे ही त्याहून दूरची गोष्ट असते. एकच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहीत राहणे आणि एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवरून काम चालू ठेवणे, या रचनेला मिररिंग म्हणतात. ही रचना घराला जे देते ते मुख्यतः वेळ आहे : नवी डिस्क येईपर्यंतचा, शांतपणे विचार करण्याचा आणि योग्य क्रमाने दुरुस्ती करण्याचा वेळ. तिच्याकडून संपूर्ण सुरक्षिततेची अपेक्षा केली की नुकसानीची सुरुवात होते, आणि पुढील विवेचनाचा बराचसा भाग याच भेदावर आधारलेला आहे.

या भागातील घरांत संगणकावर कोणत्या प्रकारची माहिती साठते हे पाहिल्याशिवाय तिच्या रक्षणाची रीत ठरवता येत नाही. १९०५ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेले आदिलाबाद निजामाच्या राज्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तो तेलंगणात आला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे चार जिल्हे झाले. त्यामुळे एकाच मराठी कुटुंबाच्या पेटीत उर्दूतील जुनी पहाणी, तेलुगूतील पट्टादार पासबुक, मराठी माध्यमाच्या शाळेचा दाखला आणि किनवटच्या बाजूला असलेल्या शेताचा सातबारा एकत्र निघू शकतो. साध्या कागदावर झालेल्या जमिनीच्या खरेदीला तेलंगणात सादा बैनामा म्हणतात. असे व्यवहार नियमित करून घेण्यासाठी शासनाने २०२० मध्ये अर्ज मागवले तेव्हा अनेक शेतकऱ्यांचा हक्क घरातल्या त्या एका कागदावर अवलंबून होता. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला जमीन नोंदींची ‘धरणी’ ही संगणकीय प्रणाली सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिची जागा ‘भू भारती’ने घेतली. सरकारी नोंदींची व्यवस्था अशी बदलत असते तेव्हा मागील व्यवस्थेत काय नोंदले होते याची प्रत खातेदाराजवळ असणे फार मोलाचे ठरते. स्कॅन केलेल्या प्रतीला मूळ कागदाचे कायदेशीर स्थान मिळत नाही हे खरे; परंतु मूळ कागद गहाळ झाला तर कोणत्या कार्यालयात, कोणत्या क्रमांकाने आणि कोणत्या वर्षाची नक्कल मागायची, हे त्या प्रतीवरूनच कळते.

कागदपत्रांखेरीज या जिल्ह्यात असे पुष्कळ आहे ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही. लग्नसराईत फोटो स्टुडिओच्या संगणकावर छायाचित्रे आणि चित्रफिती साठत जातात, आणि अल्बम तयार होण्याआधीच कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसले जाते. त्या क्षणापासून एका कुटुंबाच्या लग्नाची एकमेव नोंद एका डिस्कवर उरते. नारनूर मंडलातील गुंजाला या गावातून गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते अभ्यासकांसमोर आली आणि ती लिपी गुंजाला गोंडी या नावाने जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत समाविष्ट झाली. ही घटना सांगते की खेड्यातल्या घरात पडून असलेली वही किती मोठ्या संशोधनाचा आधार होऊ शकते. आज अशा वह्यांची छायाचित्रे, वृद्धांच्या तोंडची गोंडी, कोलामी, मराठी गाणी आणि गावाच्या आठवणींची ध्वनिमुद्रणे जिल्ह्यातील शिक्षक आणि विद्यार्थी स्वतःच्या संगणकावर साठवत असतील, तर त्यांची राखण कशी होते हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

मिररिंगची कल्पना घरगुती संगणकापेक्षा जुनी आहे. बँका आणि शेअर बाजार यांच्यासाठी अखंड चालणारी यंत्रे बनवणाऱ्या टँडम या कंपनीने १९७० च्या दशकातच डिस्कच्या जोड्या वापरल्या होत्या. या विषयाला आज प्रचलित असलेली परिभाषा मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून आली. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांपैकी एखादी बिघडणारच हे गृहीत धरून माहिती काही अंशी जास्तीची लिहावी, असा त्यांचा विचार होता. अशा समूहाला त्यांनी रेड हे नाव दिले आणि त्याच्या पाच पातळ्या सांगितल्या. पहिली पातळी, म्हणजे रेड-१, हीच मिररिंगची रचना होय. दोन डिस्क घेऊन एकीचीच जागा वापरायला मिळते, म्हणून निबंधकारांनी ती सर्वांत खर्चिक ठरवली होती. घरच्या संगणकाच्या बाबतीत हा निष्कर्ष आता उलटवावा लागतो. इतर पातळ्यांत माहितीचे तुकडे तीन किंवा अधिक डिस्कवर विखुरलेले असतात आणि कोणतीही एक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येत नाही. मिररमधील प्रत्येक डिस्क मात्र स्वतःपुरती पूर्ण असते, आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकाला जोडून तिच्यावरील फाईली मिळवता येतात. जिथे तज्ज्ञ दूर आहे तिथे हा गुण दुसऱ्या डिस्कच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

या रचनेच्या मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण मिरर आणि बॅकअप या दोन गोष्टी एकच आहेत असे मानणारे पुष्कळ आहेत. बॅकअप म्हणजे ठरावीक वेळी घेतलेली आणि मूळ माहितीपासून अलग ठेवलेली प्रत. मिररमध्ये अलगपणा नसतो; एका डिस्कवर जे घडते ते त्याच क्षणी दुसरीवर घडते. चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून पुसली जाते, आणि फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर हा विषाणू शिरला तर दोन्ही प्रती एकाच वेळी निरुपयोगी होतात. १२ मे २०१७ पासून जगभर पसरलेला वॉनाक्राय हा अशा प्रकारचा विषाणू आंध्र प्रदेशातील पोलीस कार्यालयांच्या संगणकांपर्यंत पोहोचला होता. शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच वीजपुरवठ्यावर आणि एकाच छपराखाली असतात. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या फायली जळाल्या, कारण त्या फायलींचे अस्तित्व त्या इमारतीपुरतेच होते. नेरडीगोंडा मंडलात कुंतला धबधब्यावरून कोसळणारी कडेम नदी पुढे ज्या धरणात अडवली आहे, त्या धरणाचे पाणी जुलै २०२२ मध्ये माथ्यापर्यंत चढले आणि खालची गावे रिकामी करावी लागली. अशा घाईत घर सोडणारे कुटुंब संगणकाचा डबा बरोबर नेत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम या संदर्भात आजही पुरेसा आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. निर्मलच्या किंवा नांदेडच्या नातेवाइकाच्या कपाटात ठेवलेली आणि दर सणाला बदलून आणलेली एक बाहेरची डिस्क ही गरज भागवू शकते. मिरर या नियमातील एका प्रतीला बळकट करतो. उरलेल्या दोन प्रतींचे काम तो करत नाही.

डिस्कची निवड हा विषय वरवर सोपा दिसतो आणि म्हणूनच त्यात चुका होतात. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बनावटीच्या दोन डिस्क घेणे ही नेहमीची पद्धत आहे. तिच्यात दोन्ही डिस्क स्वतंत्रपणे आणि वेगवेगळ्या वेळी बिघडतील असे गृहीत धरलेले असते. वर उल्लेखिलेल्या गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासह २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की डिस्क बदलण्याचे प्रत्यक्ष वार्षिक प्रमाण अनेक ठिकाणी शेकडा २ ते ४ होते, तर उत्पादकांच्या माहितीपत्रकानुसार ते फार तर शेकडा ०.८८ असायला हवे होते. आणि एका डिस्कच्या बिघाडानंतर दुसरीचा बिघाड लवकर येण्याकडे कलही दिसला. याहून स्पष्ट उदाहरण नोव्हेंबर २०१९ मधील आहे. एचपीई या कंपनीने आपल्या काही एसएसडींच्या, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या आणि स्मृतिचिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कच्या, फर्मवेअरमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या आतच चालणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम. त्या दोषामुळे डिस्क ३२,७६८ तास चालली की, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तासांनी, कायमची बंद पडत असे. एकाच दिवशी सुरू केलेल्या दोन डिस्क अशा दोषाने जवळपास एकाच वेळी जातात आणि मिररचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून दोन वेगळ्या उत्पादकांच्या, निदान वेगळ्या तुकडीतील डिस्क घ्याव्यात. एसएसडींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण मिररमध्ये दोघींवर सारखेच लिखाण होते आणि त्या सारख्याच वेगाने झिजतात.

तबकडीच्या डिस्क घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. काही स्वस्त डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. सलग लिखाणात त्या बऱ्या चालतात, परंतु विखुरलेले लिखाण आले की शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागून त्या कमालीच्या मंदावतात, आणि पुनर्बांधणी चालू असताना संगणक वापरात राहिला तर हा मंदपणा तासांचे काम दिवसांवर नेतो. दुसरी गोष्ट चुकीच्या वाचनाशी संबंधित आहे. साध्या वापराची डिस्क एखादा सेक्टर, म्हणजे माहितीचा लहानात लहान ठोकळा, वाचता आला नाही तर बराच वेळ पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, आणि लिनक्स ही कार्यप्रणाली मूळ मांडणीनुसार ३० सेकंदांनंतर धीर सोडून डिस्कच गेली असे समजू शकते. परिणामी एका खराब सेक्टरसाठी संपूर्ण डिस्क मिररमधून बाहेर पडते. समूहात वापरण्यासाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत ‘वाचता येत नाही’ असे उत्तर देतात, मग प्रणाली तो सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून घेते आणि पहिलीवर पुन्हा लिहून दुरुस्त करते. बऱ्याच डिस्कमध्ये ही मर्यादा बदलता येते, आणि जिथे येत नाही तिथे कार्यप्रणालीची मुदत वाढवावी लागते.

मिरर उभारण्याचे तीन मार्ग घरगुती वापरकर्त्यापुढे असतात. पहिला मदरबोर्डच्या बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या प्रोग्राममधून, मिळणारा. तो सोयीचा दिसतो, परंतु बोर्ड जळाला तर त्याच पद्धतीचा दुसरा बोर्ड शोधावा लागण्याची शक्यता असते, आणि विजांच्या हंगामात बोर्ड जळणे ही या जिल्ह्यात नवलाची गोष्ट नाही. यांपैकी इंटेलच्या पद्धतीच्या जोड्या लिनक्सला ओळखता येतात, हा त्यातल्या त्यात दिलासा. दुसरा मार्ग विंडोजचा आहे : जुनी डायनॅमिक डिस्कची पद्धत होम आवृत्तीत मिळत नाही आणि मायक्रोसॉफ्टने ती आता कालबाह्य ठरवली आहे, तर विंडोज ८ पासून आलेली स्टोरेज स्पेसेस ही पद्धत होम आवृत्तीतही चालते आणि केवळ विंडोज वापरणाऱ्या घरासाठी ती योग्य निवड आहे. तिसरा मार्ग लिनक्सचा. त्यातील एमडी हा भाग आणि तो हाताळण्यासाठी नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहिलेले एमडीएडीएम हे साधन विनामूल्य आहे, कोणत्याही बोर्डाशी बांधलेले नाही, आणि पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या कोणत्याही लिनक्समध्ये ती जोडी पुन्हा उभी करता येते. पुढील प्रकरणांत हाच मार्ग प्रमुख मानला आहे, आणि त्यामागचे कारण पुनर्बांधणीच्या दिवशी मिळणारी मोकळीक हे आहे. उभारणीची सोय दुय्यम आहे.

प्रत्यक्ष उभारणी काही मिनिटांची असते, पण त्या मिनिटांत घेतलेले निर्णय पुढे अनेक वर्षे बदलता येत नाहीत. ४ टीबी असे लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत सारख्या असतीलच असे नाही. म्हणून संपूर्ण डिस्क न वापरता, शेवटी थोडी जागा मोकळी ठेवून पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, करावे. तसे केले नाही तर पुढे आणलेली नवी डिस्क किंचित लहान निघाली की जोडीत बसत नाही. एमडी प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाची छोटी नोंद लिहिते. ही डिस्क कोणत्या समूहाची, तिचा क्रम काय, शेवटचा बदल कितवा, हे तीत असते. ही नोंद डिस्कच्या सुरुवातीजवळ ठेवायची की शेवटी, याचा पर्याय असतो. सध्याच्या मूळ मांडणीत ती सुरुवातीपासून ४ केबीवर असते. संगणक ज्या भागातून सुरू होतो त्या भागासाठी मात्र ती शेवटी ठेवावी, म्हणजे बायोसला तो भाग साध्या पार्टिशनसारखा दिसतो. कार्यप्रणाली सुरू करून देणारा बूटलोडर दोन्ही डिस्कवर बसवणे हे काम सर्वाधिक विसरले जाते : माहिती दोन्हींवर असते, पण संगणक केवळ पहिलीवरूनच सुरू होऊ शकतो, आणि हे पहिली डिस्क गेल्यावरच लक्षात येते. उभारणीच्या वेळीच प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर तिच्या कडेवर ठळक लिहून ठेवावा आणि तो कोणत्या केबलला आहे हे वहीत नोंदवावे.

वीज आणि उष्णता यांचा विचार या प्रदेशात टाळता येत नाही. लिखाण चालू असताना वीज गेली तर एका डिस्कवर नवी आणि दुसरीवर जुनी माहिती राहू शकते; पुन्हा सुरू झाल्यावर एमडी एका डिस्कची प्रत दुसरीवर उतरवून दोघींना एकसारखे करते, परंतु त्या दोन नोंदींपैकी बरोबर कोणती हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. कोणत्या भागात लिखाण चालू होते याची खूण ठेवणारा बिटमॅप चालू केला असेल तर हे काम काही मिनिटांत आटोपते. नसेल तर संपूर्ण डिस्क वाचली जाते, आणि दिवसातून अनेकदा वीज जात असेल तर डिस्कचे निम्मे आयुष्य याच कामात जाते. म्हणून यूपीएस हा मिररचाच भाग समजावा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर असल्याची खात्री करावी, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलताना पडणारा खंड पंख्याला जाणवत नाही, पण संगणक बंद पडू शकतो. आदिलाबादमध्ये मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या जवळ जातो, आणि एकमेकींना चिकटवून बसवलेल्या दोन डिस्क बंद डब्यात बहुतेक उत्पादकांनी दिलेली ६० अंशांची मर्यादा गाठू शकतात. त्यांच्यात एका डिस्कइतकी फट आणि समोर एक पंखा एवढे केले तरी पुरते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि नेटवर्कची तार दोन्ही काढून ठेवावीत.

मिरर असलेल्या घरात माहिती गमावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पहिल्या डिस्कचा बिघाड कोणाच्या लक्षातच न येणे. रचना जितकी चांगली तितका तो बिघाड अदृश्य राहतो : संगणक पूर्ववत चालतो, फाईली उघडतात, आणि एका डिस्कवर चाललेला हा कारभार महिनोन्‌महिने तसाच राहतो, दुसरी डिस्क जाईपर्यंत. अशा अवस्थेला डिग्रेडेड म्हणतात. लिनक्समध्ये एमडीस्टॅट या नोंदीत कंसात दोन ‘यू’ दिसले तर दोन्ही डिस्क कामावर आहेत आणि एका ‘यू’च्या जागी आडवी रेघ दिसली तर ती डिस्क बाहेर पडली आहे, एवढेच पाहायचे असते, परंतु ते पाहणारा माणूस हवा. मोठ्या कार्यालयांत ही सूचना ई-मेलने जाते, घरी ती संगणक सुरू होताच पडद्यावर यावी अशी योजना करणे अधिक उपयोगी. डिस्कच्या अंतर्गत प्रकृतीची नोंद ठेवणाऱ्या स्मार्ट या व्यवस्थेवर मात्र पूर्ण विसंबता येत नाही. गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये काढलेल्या निष्कर्षांनुसार, वाचनातील पहिला दोष आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पटींनी वाढत होती. तरीही निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही आधी दिला नव्हता. इशारा आला तर तो गंभीरपणे घ्यावा, आणि न आल्याने निश्चिंत राहू नये.

पुनर्बांधणी हा या विषयाचा गाभा आहे, आणि तिच्यातील बहुतेक हानी यंत्राने केलेली नसून घाईने केलेली असते. एक डिस्क गेल्याचे कळताच पहिले काम नवी डिस्क लावण्याचे नाही. उरलेल्या डिस्कवरील सर्वांत मोलाच्या फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याचे आहे. पुनर्बांधणीत उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सलग वाचली जाते. सेकंदाला १५० एमबी या वेगाने ४ टीबीला साधारण साडेसात तास लागतात, आणि तेवढा ताण त्या डिस्कने याआधी कदाचित कधीच सोसलेला नसतो. घरगुती डिस्कसाठी उत्पादक दर १२.५ टीबी वाचनामागे एखादा न वाचता येणारा ठोकळा मान्य करतात. प्रत्यक्षात अनेक डिस्क याहून चांगल्या असतात, पण जी एकमेव प्रत उरली आहे तिच्यावर हा प्रयोग आधी करू नये. नंतर संगणक बंद करून, सिरियल नंबर ताडून, बिघडलेलीच डिस्क काढावी. चांगली डिस्क काढून बिघडलेली आत ठेवण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते, आणि पुष्कळदा दोष डिस्कचा नसून सैल झालेल्या सॅटा केबलचा निघतो, म्हणून ती केबल आधी बदलून पाहावी.

दोन चुका विशेष घातक आहेत. पहिली, जोडी ओळखली जात नाही असे दिसताच ती नव्याने तयार करण्याचा हुकूम देणे. एमडीएडीएममध्ये ‘क्रिएट’ म्हणजे नवी जोडी निर्माण करणे आणि ‘असेंबल’ म्हणजे असलेली जोडी पुन्हा एकत्र आणणे. पहिला हुकूम जुने सुपरब्लॉक पुसतो, माहिती जिथून सुरू होते ती जागा बदलू शकतो आणि एका डिस्कची प्रत दुसरीवर उतरवू लागतो. बचावाच्या वेळी ‘असेंबल’ हाच हुकूम वापरावा, आणि जोडी प्रथम केवळ वाचण्यापुरती उघडावी. विंडोजमध्ये हीच चूक ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ या प्रश्नाला होकार देऊन होते. दुसरी चूक शिळ्या डिस्कची. एखादी डिस्क काही महिन्यांपूर्वी जोडीतून बाहेर पडली, कोणाच्या लक्षात आले नाही, आणि आज दुसरी डिस्क गेली. आता पहिली चालू केली तर ती आनंदाने चालू होते, पण तिच्यावरील माहिती त्या जुन्या दिवसाची असते. ती मूळ समजून पुनर्बांधणी केली तर अलीकडचे सारे काम जुन्याच्या खाली गाडले जाते. सुपरब्लॉकमधील बदलांचा आकडा दोन्ही डिस्कवर वाचून पाहिला की नवी कोणती आणि शिळी कोणती हे निश्चित कळते. हा आकडा पाहिल्याशिवाय एकही हुकूम देऊ नये. उरलेल्या डिस्कवरच खराब सेक्टर निघाले तर ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन आधी सुस्थितीतील भाग उतरवते, अवघड भाग नकाशात नोंदवून ठेवते आणि नंतर त्यांच्याकडे वळते. मध्येच वीज गेली तरी त्या नकाशामुळे काम जिथे थांबले तिथून पुढे चालते. डिस्कमधून खडखड असा आवाज येत असेल तर मात्र हे साधनही वापरू नये, ती तत्काळ बंद करावी. तिथून पुढचे काम प्रयोगशाळेचे आहे.

या सर्व कृतींचा सराव मिररमध्ये खरी माहिती भरण्यापूर्वी करणे हा या विषयातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. जोडी उभी करावी, तीत काही निरुपयोगी फाईली टाकाव्यात, संगणक बंद करून एका डिस्कची केबल काढावी, संगणक सुरू होतो का ते पाहावे, डिस्क पुन्हा लावून पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्यावी आणि तेच दुसऱ्या डिस्कबाबत करावे. बूटलोडर राहून गेला असेल, सूचना येत नसेल, सिरियल नंबर उलटे लिहिले गेले असतील, तर हे सारे त्या एका दुपारी उघडकीस येते. काढलेले हुकूम आणि त्यांना मिळालेली उत्तरे कागदावर उतरवून डब्याच्या आत चिकटवावीत, कारण संगणक बंद असताना संगणकातील टिपणे वाचता येत नाहीत, आणि कदाचित दुरुस्ती करणारी व्यक्ती उभारणी करणारी नसेल.

दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती, हा प्रश्न एमडीला सोडवता येत नाही असे वर म्हटले आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये विकसित होऊन २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस ही फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईलींची मांडणी करणारी व्यवस्था, तो सोडवते : ती प्रत्येक ठोकळ्यासाठी चेकसम नावाची पडताळणी-संख्या ठेवते, वाचताना ती पुन्हा मोजते आणि जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरील शाबूत ठोकळा घेऊन पहिला दुरुस्त करते. लिनक्समधील बीटीआरएफएसही हेच करते. जी छायाचित्रे वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, ती डिस्कवर नकळत बिघडू नयेत यासाठी ही सोय अनमोल आहे; मात्र तिचा लाभ मिळण्यासाठी महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सर्व माहितीची संपूर्ण तपासणी, करावीच लागते. एमडी वापरणाऱ्यांसाठीही डेबियन या लिनक्सच्या प्रकारात अशी मासिक तपासणी आपोआप ठरवलेली असते, पण ती मध्यरात्रीनंतर होत असल्याने रात्री बंद राहणाऱ्या घरच्या संगणकावर ती चुकू शकते. तिची वेळ दिवसा आणावी.

एक विषय बहुतेक पुस्तकांत शेवटच्या तळटीपेत जातो, परंतु तो उभारणीच्या आधीच ठरवायला हवा. मिररमधून काढलेली प्रत्येक डिस्क ही घरातील सर्व माहितीची संपूर्ण प्रत असते. ती वॉरंटीत परत पाठवली किंवा भंगारात दिली तर तिच्याबरोबर पासबुके, आधार कार्डांच्या प्रती, मुलांचे दाखले आणि स्टुडिओच्या संगणकातील डिस्क असेल तर गावातील पन्नास घरांची छायाचित्रेही परक्या हातात जातात. चालू डिस्क लिखाण करून पुसता येते; बिघडलेली डिस्क पुसताही येत नाही, आणि तिच्यातील इलेक्ट्रॉनिक भाग बदलून ती वाचणे जाणकाराला कठीण नसते. म्हणून संपूर्ण जोडी पहिल्या दिवसापासून लक्स या पद्धतीने कूटबद्ध करावी, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय न वाचता येणारी करावी. तो शब्द आणि लक्सच्या आरंभनोंदीची एक प्रत घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीजवळ कागदावर आणि पेनड्राइव्हवर असावी, कारण ती आरंभनोंद बिघडली तर दोन्ही डिस्क सुस्थितीत असूनही त्यांवरील एकही फाईल उघडत नाही. ज्यांनी कूटबद्ध केलेले नाही त्यांनी बिघडलेली डिस्क परत पाठवण्याचा मोह सोडून तबकडीतून ड्रिलने तीन-चार भोके पाडावीत, आणि मगच ती भंगारवाल्याला द्यावी.